नवीन वाणिज्य सचिवांनी आधी काय हातात घ्यावं: लासलगाव, पिंपळगाव आणि अंबडहून बघितलं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. केंद्राच्या वाणिज्य विभागाला नवीन सचिव आले की त्यांच्यापुढं सगळ्यात महत्त्वाची कामं कोणती, अडचणी कोणत्या, आणि वर्षभरानं त्यांचं काम जमलं की नाही हे बाहेरच्या माणसानं कशावरून ओळखायचं. विचारणारा मुलगा पंचवटीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, नोट्समध्ये सगळं मिळालं म्हणतो पण प्रत्यक्षात काय चालतं ते मिळालं नाही. मी नाशिकमध्ये बरीच वर्षं एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं काम करतो, जास्त करून कांदा आणि द्राक्षं, आणि सातपूर-अंबडमधल्या काही इंजिनिअरिंगवाल्यांचं पण. त्यामुळे दिल्लीतून निघालेला कागद इथं पोचल्यावर काय होतं ते मला चांगलं माहितीये, आणि उत्तर त्याच बाजूनं देतो.

आधी एक घोळ मिटवू, कारण बऱ्याच जणांचा इथंच गोंधळ होतो. वाणिज्य आणि उद्योग मंत्रालय एकच, पण त्यात विभाग दोन, एक वाणिज्य विभाग आणि दुसरा डीपीआयआयटी, म्हणजे उद्योग आणि अंतर्गत व्यापारवाला. आपण बोलतोय पहिल्याबद्दल. त्याच्याखाली आयात-निर्यातीचे नियम काढणारं डीजीएफटी येतं, शेतमालाची निर्यात बघणारं अपेडा येतं, डम्पिंगच्या, म्हणजे बाहेरचा माल पडत्या भावानं इथं ओतल्याच्या, तक्रारी बघणारं डीजीटीआर येतं, एसईझेड म्हणजे निर्यातीसाठीची खास क्षेत्रं, सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, मसाला-चहा-कॉफी-रबर बोर्ड, यादी बरीच मोठी आहे. यादी बघून वाटतं केवढी ताकद. पण आता दुसरी बाजू बघा, कस्टम ड्युटी ठरवणार अर्थ मंत्रालय, जीएसटीचा रिफंड देणार अर्थ मंत्रालय, कांद्याचा बफर स्टॉक आणि शहरातला भाव बघणार ग्राहक व्यवहार विभाग, मालात कीड-रोग नाही असं सांगणारं फायटो सर्टिफिकेट देणारी यंत्रणा कृषी मंत्रालयाची, बंदरं तिसऱ्याकडं, कंटेनरची रेल्वे चौथ्याकडं. डीजीटीआरनं चौकशी करून अँटी डम्पिंग ड्युटी लावा म्हणून शिफारस केली तरी लावायची की नाही ते अर्थ मंत्रालयच ठरवणार. म्हणजे निर्यात घसरली की जाब वाणिज्य सचिवांना विचारणार, पण निम्म्याहून जास्त निर्णय त्यांच्या हातात नाहीत. त्यांच्यापुढची सगळ्यात मोठी अडचण कोणती म्हणाल तर हीच, बाकीच्या सगळ्या हिच्यातूनच निघतात.

आणि म्हणून माझ्या मते पहिलं काम नवीन योजना आणणं हे नाहीच. पहिलं काम म्हणजे परदेशातल्या गिऱ्हाइकाचा आपल्यावरचा भरवसा परत मिळवणं, आणि त्यासाठी दिल्लीतल्या ज्या बैठकीत हे निर्णय होतात तिथं निर्यातदाराची आणि शेतकऱ्याची बाजू आकडे घेऊन, वेळेत आणि ठामपणे मांडणं. ऐकायला हे मोघम वाटेल, म्हणून कांद्याचंच उदाहरण नीट घेतो, कारण आपल्या जिल्ह्यात याच्याइतकं स्पष्ट दुसरं उदाहरण नाही.

तारखा बघा फक्त. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी, १५ मार्च २०२० ला उठली. सहा महिन्यांत, १४ सप्टेंबर २०२० ला परत बंदी, १ जानेवारी २०२१ ला उठली. मग १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याच्याखालच्या भावानं माल पाठवायचाच नाही, आणि ८ डिसेंबर २०२३ पासून सरळ बंदी, तीही ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणून सांगितली आणि मुदत संपायच्या आधीच पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. ४ मे २०२४ ला बंदी उठली पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आणलं, आणि ते २० टक्के गेले १ एप्रिल २०२५ ला. एवढ्या काळात दुबईतला किंवा कोलंबोतला एखादा व्यापारी तुमच्याकडून वर्षाचा करार करेल का, तुम्हीच सांगा.

मे २०२४ चं गणित हातानं करून बघा म्हणजे बंदी उठली हे शब्द किती फसवे असतात ते कळतं. टनाला ५५० डॉलर किमान, त्यावर ४० टक्के म्हणजे २२० डॉलर, झाले ७७०, त्या वेळच्या डॉलरच्या भावानं किलोला साधारण ६४ रुपये, आणि यात जहाजाचं भाडं अजून धरलेलंच नाही. त्या वेळी लासलगावात कांदा किलोला वीस रुपयांच्या आतबाहेर फिरत होता. कागदावर निर्यात खुली, पण समोर पाकिस्तानचा कांदा आपल्यापेक्षा बराच स्वस्त उभा, मग घेणार कोण. पेपरमध्ये हेडलाइन आली बंदी उठली, आणि बाजार समितीत शेतकरी विचारतोय की मग भाव का नाही उठला.

बंदी येते त्या दिवशी प्रत्यक्षात काय होतं तेही सांगतो, कारण नोट्समध्ये हे नसतं. नोटिफिकेशन बहुतेक संध्याकाळी उशिरा किंवा रात्री येतं आणि तात्काळ लागू असतं. त्या वेळी पिंपळगावच्या एखाद्या व्यापाऱ्याचा माल तीन ठिकाणी असतो, काही खळ्यावर प्रतवारी होऊन गोण्यांत भरलेला, काही ट्रेलरवर कसाऱ्याच्या घाटात, आणि काही न्हावाशेवा बंदरात रीफर म्हणजे थंड कंटेनरमध्ये प्लगवर लावलेला. चाळीस फुटी रीफरमध्ये अठ्ठावीस-एकोणतीस टन कांदा बसतो. जहाज लागलेलं नाही, शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद, फाईल झालंय, आता हा माल जाणार की नाही? परकीय व्यापार धोरणात यासाठी परिच्छेद १.०५ आहे, बंदी यायच्या आधी पक्की एलसी, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेची पैशाची हमी, उघडलेली असेल तर माल जाऊ द्यायची सवलत असते. पण २०२० च्या कांद्याच्या नोटिफिकेशनमध्ये ही सवलत लागू नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं, ट्रक बांगलादेशच्या सीमेवर उभे राहिले, माल सडला, आणि नंतर २५ हजार टन सोडायला परवानगी दिली. २०२३ ला थोडी सुधारणा झाली, लोडिंग सुरू झालेला किंवा कस्टमच्या ताब्यात गेलेला माल जाऊ दिला. पण घाटातला ट्रेलर परत फिरला तो फिरलाच, त्याचं भाडं, रीफर लाइनवाल्याचे दिवसाचे चार्जेस, आणि तिकडं गिऱ्हाइकाची बोलणी, हे सगळं व्यापाऱ्यानं भरायचं, आणि तो दुसऱ्या दिवशी लिलावात ते शेतकऱ्याच्या भावातून वसूल करणार. शेवटी फटका कुठं बसतो ते यावरून कळेल.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत उद्योजकांच्या कार्यक्रमात बोलल्या होत्या की कांदा बंद केलात, आमची पंचाईत झाली, पुढच्या वेळी निदान आधी सांगा. मागणी बघा किती साधी होती, बंद करू नका असंही त्या म्हणाल्या नव्हत्या. आणि वर्षभराच्या आत परत तसंच झालं, अचानक. त्यानंतर बांगलादेशनं स्वतःचं कांद्याचं क्षेत्र वाढवण्यावर जोर दिला, पाकिस्तान, चीन, तुर्कस्तान, इजिप्तकडून आणायला लागले. हा बाजार शुल्क शून्य केलं म्हणून लगेच परत येत नाही, मी रोज फोनवर ऐकतो, ते म्हणतात माल तुमचा चांगला आहे हो, चव चांगली आहे, पण तुमच्या सरकारचं काय सांगता येतं.

आता सरकारची बाजूही खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. आपला उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि तोच चाळीत साठवून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत देशाला पुरवायचा असतो, खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, आणि पावसानं खरिपाला उशीर झाला की ऑगस्ट ते नोव्हेंबर भाव भडकतोच. शहरात हातावर पोट असलेल्या घराला साठ-सत्तर रुपये किलो कांदा परवडत नाही, त्याची काळजी कोणीतरी घ्यायलाच हवी. प्रश्न काळजी घेण्याचा नाही, वेळेचा आणि पद्धतीचा आहे. चाळीत किती कांदा आहे आणि खरिपाची लागवड किती झाली हे जुलै-ऑगस्टमध्येच समजायला पाहिजे, नीट मोजलं तर समजूही शकतं. ते वेळेत समजलं तर अचानक बंदीची गरजच कमी पडते, आधी बफरमधला माल बाहेर काढा, नाफेड आणि एनसीसीएफ या सरकारसाठी कांदा घेणाऱ्या सहकारी संस्थांनी त्यासाठीच तर खरेदी केलेली असते, मग लागलंच तर थोडं शुल्क, तेही तारीख सांगून, आणि बंदी अगदी शेवटी. आणि ज्या तारखेला उठवणार म्हणाल त्या तारखेला उठवा.

याच्यासाठी कायदा बदलायची सुद्धा गरज नाही. जानेवारी २०२५ मध्ये परकीय व्यापार धोरणात परिच्छेद १.०७ए आणि १.०७बी आलेत, धोरण बदलायच्या आधी संबंधित लोकांची मतं मागवायची, सूचना द्यायला वेळ द्यायचा, आणि मत का मान्य केलं नाही ते कळवायची व्यवस्था ठेवायची, असं त्यात आहे. चांगली तरतूद आहे, मला मनापासून आवडली. पण त्यातच तातडीच्या वेळी सरकारला स्वतःहून निर्णय घ्यायची मोकळीकही ठेवली आहे, आणि कांद्याचा निर्णय नेहमी तातडीचाच असतो ना. म्हणून नव्या सचिवांनी पहिल्या शंभर दिवसांत हे ठरवून टाकावं की शेतमालाच्या बाबतीत ही तातडी म्हणजे नेमकं काय, आणि तातडी असली तरी निदान वाटेतल्या मालाला संरक्षण मिळेल. बंदीचं नोटिफिकेशन डीजीएफटीच्या सहीनं निघतं, निर्णय वर मंत्र्यांच्या समितीत झालेला असो किंवा ग्राहक व्यवहारकडून आलेला असो, कागद सचिवांच्या विभागाचा आहे, त्यात ही एक ओळ पाहिजेच असं धरून बसण्याचा अधिकार त्यांना आहे.

कांद्यावर एवढं लिहिलं कारण बाकी सगळीकडं दुखणं तेच आहे.

द्राक्षाचं बघा. इथं बंदीची भीती नाही, इथं भीती आहे रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची. २०१० साली युरोपात आपले कंटेनर अडकले ते क्लोरमेक्वाट क्लोराईडमुळे, ज्याला सगळे सीसीसी म्हणतात. वाढ आटोक्यात ठेवायला शेतकरी ते वापरत होते, आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं, आणि तिकडं त्यांनी तपासलं. कितीतरी द्राक्ष उत्पादक त्या एका हंगामात कर्जात गेले. त्याच्यानंतर ग्रेपनेटची, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षाचा माग ठेवणारी, व्यवस्था जास्त कडक झाली, आज प्लॉटची नोंदणी, सॅम्पल, लॅबचा रिपोर्ट, अगमार्क, फायटो हे सगळं एका धाग्यात जोडलेलं आहे, युरोपातल्या दुकानातल्या पेटीवरून निफाड किंवा दिंडोरीतला प्लॉट शोधता येतो. अपेडानं २००६ मध्ये हे सुरू केलं, आणि खरं सांगतो, सरकारी यंत्रणेतलं हे काम जगात कुठंही दाखवावं असं आहे, याचा मला अभिमान आहे.

पण नव्या सचिवांनी इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी, आमचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि एक एप्रिललाही नाही, आमचं वर्ष छाटणीवर चालतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि तिथून साधारण चार-साडेचार महिन्यांनी माल. सीसीसीसारखी औषधं खरड छाटणीनंतरच्या वाढीत वापरली जायची, म्हणजे माल तोडायच्या कितीतरी महिने आधी. युरोपनं एखाद्या औषधाची मर्यादा खाली आणली आणि ते आम्हाला डिसेंबरात कळलं तर त्याचा उपयोग शून्य, फवारणी होऊन गेलेली असते. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची ती शिफारस केलेल्या औषधांची यादी, ॲनेक्श्चर ५, ती अद्ययावत होऊन मराठीत फळछाटणीच्या आधी हातात यायला हवी, आणि ज्यांचा अंश मागं राहतो त्यांच्याबद्दल तर खरड छाटणीच्या आधी. युरोपात असे बदल एका रात्रीत होत नाहीत, प्रस्ताव येतो, डब्ल्यूटीओला सूचना जाते, हरकतींना मुदत असते. ब्रसेल्समध्ये आपला दूतावास आहे, दिल्लीत अपेडा आहे, पुण्यात संशोधन केंद्र आहे. यातला एक जबाबदार माणूस नेमून प्रस्ताव आला त्याच आठवड्यात खाली कळवायचं, एवढं जरी केलं तरी नाशिकचे बागायतदार नाव घेतील.

जहाजाचंही आहे. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दोनेक आठवडे प्रवास वाढला, भाडं वाढलं, द्राक्षाचा देठ तपकिरी पडायला लागला की तिकडं ग्रेड कमी लावतात. हे सचिवांच्या हातात नाही, मान्य आहे. पण अशा वेळी निर्यातीचे पैसे बुडाले तर भरून देणारा ईसीजीसीचा विमा, माल तयार करायला बँक देते त्या पॅकिंग क्रेडिटची मुदत थोडी लांबवणं, कंटेनर मिळावेत म्हणून शिपिंग लाइनशी बोलणं, एवढं तर होऊ शकतं, आणि ते हंगाम चालू असताना झालं पाहिजे, एप्रिलनंतर बैठक घेऊन काय करणार.

आता अंबड-सातपूर-सिन्नरकडं वळतो. इथं गेल्या दीड-दोन वर्षांत छोट्या कारखानदाराची झोप उडालीय ती दोन गोष्टींनी, अमेरिकेचं टॅरिफ आणि युरोपचा कार्बनवरचा आकार, सीबीएएम. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारताच्या मालावर आधी २५ आणि २७ तारखेपासून आणखी २५, असे ५० टक्के लावले. पण स्टील आणि ॲल्युमिनियमच्या वस्तूंना अमेरिकेच्या कायद्यातलं वेगळंच कलम २३२ लागू, गाडीच्या पार्ट्सला त्यातलाच वेगळा दर. तेव्हा बोल्ट आणि ब्रॅकेट बनवणारे मला फोन करून विचारायचे की माझ्या मालाला नेमकं कुठलं लागतं, आणि याचं उत्तर त्यांना देणारं सरकारी ठिकाण जिल्ह्यात नव्हतं. मालाच्या वर्गाचा जो एचएस कोड असतो त्याचे शेवटचे आकडे बघून आम्हीच सांगत होतो. वाटाघाटी वर होत राहतील, त्या सचिवांनी कराव्यातच, पण धोरण बदललं त्या आठवड्यात खालच्या कारखानदाराला त्याच्या कोडनुसार साध्या भाषेत माहिती देणं हे सुद्धा त्याच विभागाचं काम आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ट्रेड कनेक्ट नावाचं पोर्टल काढलंय, ते याच कामाला चांगलं वापरता येईल, सध्या इथल्या किती लोकांना ते माहितीये हा प्रश्नच आहे.

सीबीएएम जास्त अवघड आहे. स्टील, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत वगैरे माल बनवताना किती कार्बन निघाला त्यावर युरोपात पैसे भरायचे, १ जानेवारी २०२६ पासून हे खऱ्या अर्थानं लागू झालं, आणि नट-बोल्ट, स्क्रू यांचाही त्यात समावेश आहे. जर्मनीचा गिऱ्हाईक एक एक्सेल शीट पाठवतो, त्यात विचारलेलं असतं की एक टन मालाला वीज किती, गॅस किती, वायर रॉड कुठल्या मिलचा, त्या मिलचं एमिशन किती. आमच्या अंबडच्या शॉपमध्ये मीटर एकच, त्याच मीटरवर फोर्जिंग, थ्रेडिंग, काँप्रेसर आणि ऑफिसचा एसी. हीट ट्रीटमेंट बाहेरून जॉबवर करून घेतलेली, प्लेटिंग तिसरीकडं. आकडा काढणार कसा? आकडा नाही दिला तर ते स्वतःचा ठरलेला दर लावतात आणि तो महाग पडतो. मोठ्या कंपनीकडं यासाठी माणसं असतात, दहा-वीस कामगारांच्या युनिटला कन्सल्टंटची फी झेपत नाही. इथं विभागानं इंजिनिअरिंग क्लस्टरमधून, निमा-आयमासारख्या संघटनांना सोबत घेऊन, आकडे मोजायची आणि मान्यताप्राप्त माणसाकडून तपासून घ्यायची सामायिक सोय उभी केली तर खूप मोठं काम होईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं २५,०६० कोटींचं एक्स्पोर्ट प्रमोशन मिशन मंजूर केलं, २०३०-३१ पर्यंतचं, त्यात अशा सर्टिफिकेशन-टेस्टिंगच्या मदतीला जागा आहे. पैसा कुठं खर्च करायचा असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच, जाहिरातबाजीपेक्षा आणि परदेशातल्या स्टॉलपेक्षा आधी इथं करा.

व्याजाच्या सवलतीचं पण बोलायला हवं. छोट्या निर्यातदाराला बँकेच्या व्याजात सूट देणारी जुनी योजना ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, आणि पुढचं मिशन मंजूर व्हायला जवळजवळ अकरा महिने गेले. त्याच काळात अमेरिकेचं टॅरिफ आलं. रोडटेप, म्हणजे निर्यातीच्या मालावर आधी लागलेले कर परत देणारी योजना, तिचं पण असंच, योजना चांगली, पण दर आणि मुदत यांची टांगती तलवार कायम, निर्यातीसाठी कच्चा माल ड्युटीशिवाय आणणाऱ्या ॲडव्हान्स ऑथरायझेशनवाल्यांचा आणि एसईझेडवाल्यांचा लाभ फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाला आणि १ जूनपासून परत चालू केला. आम्ही कोटेशन देतो ते तीन-चार महिने आधी, त्यात दोन-तीन टक्के इकडं तिकडं झाले तर सगळा नफाच गेला. दर थोडा कमी द्या पण तीन वर्षं बदलू नका, असं सांगणारे निर्यातदार मला जास्त भेटतात.

आणि एक वाद असा आहे ज्यात नव्या सचिवांना कोणाचं तरी मन मोडावंच लागणार. मोठ्या स्टील कंपन्या म्हणतात बाहेरून स्वस्त स्टील येतंय, अडवा. एप्रिल २०२५ मध्ये फ्लॅट स्टीलवर १२ टक्के सेफगार्ड ड्युटी, म्हणजे वाढत्या आयातीला आवर घालणारी, लागली ती डीजीटीआरच्या शिफारशीवरूनच. कच्च्या मालावर बीआयएसचा शिक्का सक्तीचा करणारे क्वालिटी कंट्रोल ऑर्डर निघाले तेही त्याच दिशेनं. पण तेच स्टील घेऊन पार्ट बनवून विकणारा सिन्नरचा माणूस म्हणतो माझा कच्चा माल महाग केला आणि परदेशात मला चीनशी लढायला पाठवलं. संरक्षण मागणारे थोडे आणि मोठे, दिल्लीत त्यांची ऑफिसं आहेत, भोगणारे हजारो आणि विखुरलेले. चौकशीत या दुसऱ्या गटाचं म्हणणं कोण मांडणार? निर्यातीसाठी लागणाऱ्या कच्च्या मालाला ॲडव्हान्स ऑथरायझेशनखाली सूट मिळते हे खरंय, पण पाच टन स्टील घेणारा दुकानदाराकडून घेतो, तो कुठं लायसन काढत बसणार. सचिवांनी डीजीटीआरला सांगावं की शिफारस करायच्या आधी वापरणाऱ्या छोट्या उद्योगांवर काय परिणाम होतो ते त्यांच्यात जाऊन विचारा, त्यांनी अर्ज करायची वाट बघू नका.

करारांबद्दल फार लिहीत नाही, पेपरमध्ये भरपूर आलंय. यूएई बरोबरचा मे २०२२ पासून चालू आहे, ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, युरोपियन युनियनबरोबर २००७ मध्ये सुरू झालेली बोलणी २०१३ ला थांबली, २०२२ ला परत सुरू झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षाला युरोपात ड्युटीची सवलत आधीपासूनच होती, आपण त्यांच्यापुढं हात बांधून लढत होतो, म्हणून मला या करारांचा आनंदच आहे. पण करार झाला म्हणजे माल गेला असं नसतं. ड्युटीची सवलत मिळवायला सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन लागतं, मालात आपल्या देशाचा वाटा किती हे दाखवावं लागतं, आणि छोटा माणूस त्या कागदाला घाबरून पूर्ण ड्युटी भरून मोकळा होतो, हे मी बऱ्याचदा बघितलंय. उलट बाजूला आपल्या वाईनवाल्यांना आता युरोपच्या वाईनशी स्पर्धा आहे, १५० टक्के ड्युटी टप्प्याटप्प्यानं खाली येईल, तोपर्यंत इथल्या वायनरीला आणि तिला वाईनची द्राक्षं देणाऱ्या शेतकऱ्याला तयारीसाठी वेळ आहे, तो वेळ वाया जाऊ नये.

एक अडचण कोणी फारशी बोलत नाही, माणसांची. वाटाघाटी चालतात पंधरा-अठरा वर्षं आणि अधिकारी बसतो दोन-तीन वर्षं. समोर युरोपचा माणूस वीस वर्षं तेच करत असतो. नव्या सचिवांनी फाईल समजून घेईपर्यंत वर्ष जातं. इंडियन ट्रेड सर्व्हिसचे अधिकारी डीजीएफटीत मुरलेले असतात, त्यांना वाटाघाटीत पुढं बसवणं, आणि एक विषय एका टीमकडं निदान पाच वर्षं ठेवणं, हे अंतर्गत काम आहे, बातमी होत नाही, पण फार गरजेचं आहे.

जिल्ह्याचं शेवटी घेतो. १५ ऑगस्ट २०१९ ला लाल किल्ल्यावरून जिल्हा निर्यात केंद्र व्हावा असं सांगितलं गेलं, कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा निर्यात समिती झाली, आराखडा झाला. २०२० पासून शिपिंग बिलात माल कुठल्या जिल्ह्यातला ते टाकायची सोय झाली, ही छोटी वाटणारी पण मोठी सुधारणा, त्याआधी आमचा माल मुंबईच्या खात्यात जायचा. अजूनही मुंबईचा मर्चंट एक्स्पोर्टर आमचा कांदा घेतो आणि जिल्हा भरताना काहीही भरतो, तिथं तपासणी हवी, कारण आकडाच चुकला तर निफाडचा ड्रायपोर्ट, म्हणजे जमिनीवरचं कंटेनर-कस्टमचं ठाणं, इतकी वर्षं का रखडला याचं उत्तर मागताना आपल्या हातात कागद नसतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, वाढवणचं बंदर येतंय, नाशिकची जागा निर्यातीसाठी आधीपेक्षा चांगली झालीय, पण माल भरायला, थंड ठेवायला आणि कस्टम क्लिअर करायला जिल्ह्यातच सोय लागेल. सचिव स्वतः नाशिकला आले तर हॉटेलातल्या परिषदेपेक्षा त्यांनी लासलगावच्या लिलावात सकाळी दोन तास उभं राहावं आणि मग एखाद्या पॅकहाऊसमध्ये लोडिंग बघावं, एवढी विनंती.

आता प्रश्नाचा तिसरा भाग, काम जमलं की नाही कसं ओळखायचं. निर्यातीच्या एकूण आकड्यावर जाऊ नका, तेलाचा भाव आणि डॉलर यांच्यावर तो वर-खाली होतो. मी काय बघेन ते सांगतो. ऑगस्ट-सप्टेंबरात कांद्याचा भाव वाढून बंदी किंवा शुल्क आलं तर किती दिवस आधी कळलं, आणि न्हावाशेवाला व घाटात असलेला माल सुटला की अडकला. फळछाटणीच्या आधी औषधांची नवी यादी मराठीत गावोगाव पोचली का. रोडटेपचे दर किती मुदतीसाठी जाहीर केले. अंबडच्या नट-बोल्टवाल्याला सीबीएएमचा आकडा काढून देणारी सोय जिल्ह्यात झाली का, आणि तिची फी किती. जिल्हा निर्यात समितीची बैठक झाली तर तिच्यात गेल्या बैठकीतल्या मुद्द्यांचं काय झालं हे वाचून दाखवलं का. मुलाखतीत हे सगळं सांगू नका, वेळ पुरणार नाही, कांद्याचं नोटिफिकेशन आणि परिच्छेद १.०७ए नीट वाचून जा, त्यातूनच बाकीचं बोलता येईल.